तलावकाठच्या चिखलात पाणपक्ष्यांना काय मिळते : शालेय अभ्यासाची पद्धत

समुद्रकिनाऱ्यावर ओहोटी दिवसातून साधारण दोनदा चिखल उघडा करते; भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलावांत, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावांत, तेच काम हिवाळ्यापासून हळूहळू ओसरणारे पाणी करते. हिवाळी पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात तोवर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, हा अभ्यास करावा.

पहिले दोन दिवस चिखलाला हात लावू नये. सकाळी तलावाच्या पाळीवर (बांधावर) शांत बसून एका विद्यार्थ्याने एकाच पक्ष्यावर नजर ठेवावी आणि तो एका मिनिटात किती वेळा चोच मारतो ते सांगावे, तर दुसऱ्याने ते लिहावे. काही गिळताना दिसल्यास वेगळी खूण करावी. चिखल्या धावतो, थांबतो आणि डोळ्यांनी हेरून वरवरचे टिपतो, शेकाट्या लांब पायांच्या जोरावर उथळ पाण्यात शिरतो, तर पाणलाव चिखलात चोच खोल खुपसतो आणि तिच्या संवेदनशील टोकाने न पाहताच अळी ओळखतो. चिखलाचा नमुना किती खोलवरचा घ्यायचा, हे या निरीक्षणावरूनच ठरते.

त्यानंतर १० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाईप १० सेंटिमीटर खोल दाबावा, वरचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे आणि पाईप चिखलासह उपसावा. पक्षी चरतात तेथून तीन आणि ते फिरकत नाहीत अशा, पण तशाच चिखलातून तीन नमुने घ्यावेत. ही दुसरी जागा उत्साहाच्या भरात हमखास विसरली जाते, आणि मग तुलनेला काहीच उरत नाही. चिखल रव्याच्या चाळणीत धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये पसरला की गोगलगाई, चतुरांची पिल्ले आणि रक्तअळ्या दिसू लागतात; कमी प्राणवायूच्या चिखलात तगण्यास मदत करणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे या अळ्या लाल असतात. पाईपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर असल्याने सरासरी संख्येला १२७ ने गुणले की एका चौरस मीटरचा अंदाज मिळतो. मोजणी झाली की जीव त्याच जागी सोडावेत.

सापडलेला प्रत्येक जीव पक्ष्याने खाल्लाच असे नसते, म्हणून वहीत ‘उपलब्ध खाद्य’ असेच लिहावे. घोंगल्या फोडा हा करकोचा मात्र गोगलगाय खाऊन रिकामा शंख टाकून जातो; तो थेट पुरावा होय.

पाण्यालगतचा ताजा गाळ गुडघाभर खोल असू शकतो, तेव्हा शिक्षकांनी आधी काठी रोवून पाहावी. मार्चपासून टिटवी जमिनीवरच अंडी घालू लागते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तेथील काम थांबवून मागे फिरावे.