आधी कणा, मग चित्र: सोलापुरात स्वतःचे पुस्तक काढताना मुखपृष्ठाचे काम

स्वतःच पुस्तक काढायचे ठरले की बहुतेक जण आधी चित्रकार गाठतात. चित्र येते, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना आवडते, आणि मग छापखान्यात पुस्तकाच्या पाठीबद्दल, म्हणजे बांधणीच्या कडेबद्दल प्रश्न येतो, "कणा किती मिमी?" याचे उत्तर हातात नसेल तर मुखपृष्ठाचे काम अजून सुरूच झालेले नाही असे समजा. मुखपृष्ठे चित्रामुळे क्वचित फसतात, मापामुळे रोज फसतात.

कण्याची जाडी पृष्ठसंख्या, आतला कागद आणि कव्हरचे कार्ड यांवर ठरते. म्हणून आतल्या मजकुराचे शेवटचे प्रूफ तपासून होईपर्यंत कव्हरची फाइल पक्की करू नका. मराठीत कथा-कवितांची पुस्तके बहुतेक डेमी आकारात निघतात: साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १३९.७ × २१५.९ मिमी. २३ × ३६ इंचाच्या एका कागदात डेमीची ३२ पृष्ठे बसतात आणि लहान मशीनवर त्याचे १६ पृष्ठांचे फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले गट) होतात. त्यामुळे पृष्ठसंख्या १६ च्या पटीत आणा, नाहीच जमले तर ८ च्या. २०८ पृष्ठे म्हणजे बरोबर १३ फर्मे. २१० झाली तर त्या दोन पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापून बाइंडिंगमध्ये घालावा लागतो. त्यापेक्षा मनोगत थोडे आटोपते घ्या.

आता हिशेब. ७० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे वजन ७० ग्रॅम) मॅपलिथो या छपाईच्या साध्या कागदाचे एक पान (दोन पृष्ठे) साधारण ०.०९ मिमी जाड असते. २०८ पृष्ठांची १०४ पाने, म्हणजे ९.४ मिमी. ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डाची जाडी दोन्ही बाजूंनी धरून ०.६ मिमी मिळवा. कणा १० मिमी. पण हा अंदाज झाला. तोच ७० जीएसएम, पण 'बल्की' म्हणून मिळणारा फुगीर कागद घेतला तर कणा दोन-अडीच मिमीने वाढतो. म्हणून छापखान्यातून प्रत्यक्ष लागणाऱ्या कागदाची १०४ पाने मागून घ्या, घट्ट दाबून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या मोजपट्टीने) मोजा. नंतर कागदाचा लॉट किंवा मिल बदलली तर पुन्हा मोजा. दर कमी बसतो म्हणून ऐनवेळी कागद बदलणे हे चुकीच्या कण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण.

फाइलची रुंदी अशी: मलपृष्ठ १३९.७ + कणा १० + मुखपृष्ठ १३९.७ + दोन्ही कडांना ३-३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), एकूण २९५.४ मिमी. उंची ब्लीडसह २२१.९ मिमी. ७५ मिमीचे दोन फ्लॅप (आत दुमडणाऱ्या पट्ट्या) हवे असतील तर रुंदी ४४५.४ होते. ती १३ × १९ इंचाच्या डिजिटल शीटवर बसते, १२ × १८ वर ग्रिपरची (मशीन कागद धरते ती) जागा सोडली की फार ओढाताण होते. कटिंगच्या रेषेपासून ५ मिमी आणि कण्यापासून १० मिमीच्या आत एकही अक्षर नको. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पाने कण्याला गोंदाने चिकटवतात त्यात) कण्याशेजारी गोंदाची पट्टी आणि क्रीझ (घडीची रेष) येते, तिथला मजकूर घडीत जातो.

बाइंडिंगला कव्हर एक-दीड मिमी इकडेतिकडे सरकणारच. बाइंडर कितीही चांगला असला तरी हे धरूनच चाला. म्हणून कणा लाल आणि मुखपृष्ठ पांढरे अशी धारदार हद्द ठेवू नका. कण्याचा रंग दोन्ही बाजूंना वळू द्या. कणा ६ मिमीपेक्षा कमी असेल तर त्यावर नाव टाकूच नका. ९६ पृष्ठांच्या कवितासंग्रहाचा कणा जेमतेम ५ मिमी होतो. नाव हवेच असेल तर आतला कागद ९० जीएसएमचा घ्या. कण्यावर अक्षरे एकाखाली एक रचायची नाहीत, शिरोरेषा तुटते आणि काना-मात्रा पोरके होतात. ओळ आडवी लिहून ९० अंशांत अशी फिरवा की पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवल्यावर नाव सरळ वाचता येईल.

अक्षरांकडे मात्र वेळ द्या, कारण मराठी मुखपृष्ठांचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरे नीट जोडणारी सोय) चालू नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे सुटी होतात. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे युनिकोड फाँट मोफत आहेत आणि छापील पुस्तकात वापरता येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर 'ऱ्हास, दऱ्या, कर्तृत्व, द्वंद्व, वाङ्मय, ब्रह्म, ॲ' एवढे शब्द त्या फाँटमध्ये टाइप करून डोळ्यांनी तपासा. इंग्रजी कव्हर पाहून शीर्षकाच्या अक्षरांतले अंतर वाढवायचा मोह होतो, पण देवनागरीत त्याने शिरोरेषेला फटी पडतात. छापखान्याला देताना अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या चित्र-आकारांत बदला. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह केल्यावर 'कंबाइन' केले तर अक्षरे जिथे एकमेकांवर येतात तिथे पांढरी भोके पडतात. तिथे 'वेल्ड' वापरा. सोलापुरात एकाच कव्हरवर मराठीसोबत कन्नड किंवा तेलुगू नाव येणे नवे नाही. ते त्या भाषेच्या वाचकाकडून कर्व्ह केल्यानंतर तपासून घ्या, आधी नाही.

चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हवे. नुसत्या मुखपृष्ठासाठी साधारण १७०० × २६२० पिक्सेल, पुढून मागे वळणाऱ्या चित्रासाठी ३५०० × २६२०. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र बारीक होऊन येते. डॉक्युमेंट म्हणून मागवा. रंग सीएमवायकेत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शायांच्या छपाईच्या पद्धतीत) बदलून मगच मंजूर करा, कारण मोबाइलवरचा झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत विझतो. बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवा. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला त्याच चार शायांचे ६०-४०-४०-१०० टक्के हे मिश्रण चालते, पण तिच्यातून ९ पॉइंटपेक्षा लहान पांढरी अक्षरे काढली तर रजिस्टर (चार रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हलले की उकार बुजतात. आणि विषय म्हणाल तर तलावातले सिद्धेश्वर मंदिर सोलापूरच्या कव्हरांवर पुरेसे होऊन गेले आहे. चादरीची नक्षी जवळून टिपलेला एक नेटका फोटोसुद्धा जास्त बोलतो.

लॅमिनेशनच्या बाबतीत आपली हवा लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे असतो आणि हवा कोरडी, त्यामुळे कार्डातला ओलावा उडतो. तीच पुस्तके जुलैत मुंबई-कोकणात गेली की कार्डाची आतली उघडी बाजू ओलावा पिऊन फुगते, बाहेरची फिल्म ताणत नाही, आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळते. उपाय दोन: कार्डाचा धागा (कागदाच्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर ठेवायला सांगा, आणि पार्सल प्लास्टिकमध्ये बंद करून आडवे रचा. धागा आडवा गेला तर कव्हर वळते आणि क्रीझवर तडेही जातात. ऑफसेटवर (प्लेटने होणाऱ्या छपाईत) गडद रंग छापून घाईने लॅमिनेट केले तर ओल्या शाईवरची फिल्म घडीजवळ सुटते, म्हणून मध्ये किमान एक दिवस जाऊ द्या. मॅट फिल्म दिसते छान, पण काळ्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पेपरबॅक आणि ई-बुकला वेगळे क्रमांक लागतात. क्रमांक येण्याआधी मलपृष्ठ अंतिम करू नका. बारकोडचे मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही, पांढऱ्यावर फक्त काळ्यात छापायचा.

चित्रकाराशी व्यवहार लेखी करा. हक्क हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुसरी आवृत्ती सहाव्या वर्षी काढताना हे आठवते.

तारीख ठरवताना छापखान्याचे वर्ष पाहा. दिवाळीनंतर कॅलेंडर आणि डायऱ्या, उन्हाळ्यात लग्नपत्रिका, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे प्रकाशन साधायला निघालेले सगळे लेखक एकदमच दारात उभे असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात कार्यक्रम ठरवण्याआधी खऱ्या मापाचे डिजिटल प्रूफ काढा, कापा, त्या १०४ पानांभोवती गुंडाळून पाहा. मग प्लेटला मंजुरी द्या.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या डिलिव्हरी ऑफ बुक्स कायद्याप्रमाणे स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. कोलकात्याची प्रत उत्तम प्रतींपैकी हवी, म्हणून बाइंडरकडून गठ्ठे येताच बिनओरखड्याच्या चार प्रती बाजूला काढून ठेवा.