लेपर्ड गेकोचा केशरी रंग मोठेपणीही टिकावा म्हणून ब्रीडिंग कसं करायचं

टँजेरीन, म्हणजे केशरी रंगाच्या, लेपर्ड गेकोची (घरी पाळतात ती ठिपकेवाली पाल) काही महिन्यांची पिल्लं इतकी भारी दिसतात की माणूस लगेच त्यातलीच जोडी ठरवून टाकतो, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. वर्ष-दीड वर्षात त्यातली बरीचशी फिकी किंवा मळकट होतात. म्हणून आईबाप निवडायचे ते मोठेपणीही रंग धरून असलेलेच.

हा रंग अल्बिनोसारखा एका जीनवर चालत नाही, बऱ्याच जीन्सचा मिळून येतो, त्यामुळे एका पिढीत चमत्कार होणार नाही. विकत घेताना पिल्लाचा फोटो बघून भुलू नका, त्याच्या आईबापांचे आजचे फोटो मागा. मादी निदान वर्षाची, ५० ग्रॅमच्या वर आणि शेपटी चांगली जाड असलेली हवी, कारण हंगामभर ती दर काही आठवड्यांनी दोन-दोन अंडी घालते, कॅल्शियम कमी पडलं तर तिचे हाल होतात. एका हंगामात तिला एकच नर लावा. ती स्पर्म साठवून ठेवते, मध्येच नर बदललात तर बाप कोण ते कळतच नाही आणि सगळी नोंदींची वही वाया.

अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने ठिपका करा आणि मग ती अजिबात फिरवू नका. आता सगळ्यात महत्त्वाचं, टेम्परेचर. या गेकोत नर-मादी टेम्परेचरवर ठरतं, २६-२७ डिग्रीला बहुतेक माद्या, ३२-३३ च्या आसपास बहुतेक नर, पण त्याच उष्णतेने पिल्लं उजळही निघतात आणि थंडीत गडद. हा उजळपणा पुढच्या पिढीत जात नाही! म्हणून सगळी अंडी एकाच टेम्परेचरला ठेवा, साधारण ३०-३१ ला दोन्ही मिळतात, मग पिल्लांमधला रंगाचा फरक बराचसा रक्तातला आहे असं धरता येतं.

पिल्लं पट्टेरी जन्मतात, पट्टे हळूहळू तुटून ठिपके होतात, तेव्हा घाई नको. दर तीन महिन्यांनी फोटो काढा, पण कात टाकून दोन दिवस झाल्यावर, अंग गरम असताना, त्याच खिडकीपाशी, खाली पांढरा कागद ठेवून, कारण कात यायच्या आधी ती राखाडी दिसतात आणि गारठलेली असली की काळपट. दोन वर्षांनी फोटो शेजारी ठेवले की कोण टिकलंय ते लगेच दिसतं, तीच पुढे घ्या. भाऊ-बहीण लावत बसू नका, दुसऱ्या ब्रीडरकडचं रंग टिकवलेलं जनावर मध्ये आणा.

आणि रंगासाठी जनावराचा जीव पणाला लावू नका. लेमन फ्रॉस्ट हा मॉर्फ (ब्रीडिंगमधून आलेला रंगाचा प्रकार) दिसायला अप्रतिम, पण २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच जीनशी कातडीच्या गाठी जोडलेल्या आहेत आणि ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना त्या होतात. एनिग्मा या दुसऱ्या मॉर्फमध्ये तोल जातो, गोल गोल फिरत राहतात. कितीही सुंदर मिळाले तरी हे दोन्ही ब्रीडिंगला घेऊ नका.