उशिरा निघालेले पठ्ठे: करंडीत घालण्याआधीची तयारी

गणपतीत अंड्यातून निघालेलं शर्यतीच्या कबुतराचं पिल्लू आणि त्याच वर्षी संक्रांतीला निघालेलं पिल्लू, दोघांच्या पायात रिंग एकाच सालाची. पुढच्या जानेवारीत शर्यतींचा हंगाम उघडतो तेव्हा संक्रांतीचं वर्षाचं झालेलं असतं आणि गणपतीचं जेमतेम साडेचार महिन्यांचं. रिंगवर साल असतं, महिना नसतो, आणि तिथंच घोटाळा होतो. आपण साल बघून दोघांना शर्यतीला न्यायच्या एकाच करंडीत घालतो. माझी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, पुण्यात हडपसरच्या बाजूला गच्चीवर आहे आणि पठ्ठे, म्हणजे तरुण कबुतरं, मी सोलापूर रस्त्यानं उडवतो, त्यामुळे खालच्या तारखा आणि गावं इकडची आहेत. तुम्ही दुसरीकडे असाल तर गावं बदला, क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी वही. पिल्लू निघालं ती तारीख त्याच दिवशी लिहायची. सहाव्या ते आठव्या दिवशी रिंग घालताना रिंगचा नंबर त्या तारखेपुढे टाकायचा, कारण त्यानंतर पाय जाड होतो आणि रिंगही जात नाही, तारीखही आठवत नाही. आता त्या तारखेपासून पुढे मोजा. १ सप्टेंबरला निघालेलं पिल्लू सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबापापासून वेगळं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ते गच्चीवर बसायला लागतं. लांब चक्कर मारायला लागतं ते नोव्हेंबरच्या अखेरीस. म्हणजे पहिली टॉस (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) डिसेंबरच्या मध्याआधी होतच नाही. आता कॅलेंडर समोर ठेवा. मध्ये दिवाळीचे फटाके, पहाटेचं धुकं, संक्रांतीचा मांजा, थंडीभर बहिरी ससाणा आणि मार्च लागला की ऊन. लवकरच्या पिल्लांना ही सगळी संकटं मोठेपणी भेटतात, उशिराच्या पिल्लांना शिकायच्या वयातच. म्हणून उशिराच्या पठ्ठ्यांचं वेळापत्रक आवळायचं नाही. त्यातून काय गाळायचं एवढंच ठरवायचं.

ते ठरतं पंखावरून. मी तारखेपेक्षा पंखाला जास्त मानतो. पठ्ठा डाव्या हातात घ्या, पाय दोन बोटांत, आणि उजव्या हातानं पंख उजेडाकडे धरून पंख्यासारखा उघडा. बाहेरच्या बाजूचे दहा लांब पर, म्हणजे उडायची मोठी पिसं, मोजायचे. मोजणी पंखाच्या मधून सुरू करून टोकाकडे जायची, कारण झड, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येणं, त्याच क्रमानं होते. पहिला पर साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असताना पडतो, मग दहा-पंधरा दिवसांनी एकेक पुढचा. जुना पर टोकाला जरा निमुळता आणि फिका दिसतो, नवा रुंद, गोल टोकाचा, रंगाला गडद. दोन्हींच्या मध्ये एक पर अजून नळीत असतो, निळसर, बोटाला गार आणि गुबगुबीत लागतो. त्यात रक्त असतं. तो दाबायचा नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. पंख उघडून हे तीन प्रकार एकदा नीट बघितले की वही नसली तरी पठ्ठ्याचं वय सांगता येतं.

माझा नियम असा आहे. तीन नवे पर पूर्ण वाढलेले दिसले की जवळची टॉस सुरू करायची. चौथा-पाचवा चालू असेपर्यंत अंतर वाढवत न्यायचं. सहावा-सातवा पडायला लागला की अंगाची आणि मानेची पिसंही सुटायला लागतात, पठ्ठा सुस्तावतो, खाणं सगळं पिसांकडे जातं. तेव्हा अंतर वाढवणं थांबवायचं. शेवटच्या तीन परांपैकी एखादा पडलेला असेल तर पंखात मोठी फट राहते, तेव्हा करंडी बाहेर काढायचीच नाही. खूप उशिरा निघालेल्या पिल्लांत आणखी एक गोष्ट दिसते. दिवस लहान होत जातात तशी झड मध्येच थांबते आणि टोकाचे दोन-तीन पर पिल्लूपणाचेच राहतात. त्यात दुखणं काही नाही, पण असे जुने पर दुसऱ्या वर्षी लांबच्या उडाणात आधी झिजतात, म्हणून नोंद हवी.

पंख बघतानाच परावर आडव्या बारीक रेघा आहेत का तेही बघा. भाद्रपदात आईबाप स्वतःच पिसं टाकत असतात आणि त्याच वेळी दोन पिल्लांना भरवतात. आईबापाच्या गळ्यातल्या पिशवीतलं दूध आणि दाणा कमी पडला की पिल्लाच्या वाढत्या परावर त्या उपासाची रेघ उमटते आणि पुढे पर तिथंच मोडतो. एका जोडीनं उशिरा दोन पिल्लं काढली तर मी एक दुसऱ्या जोडीखाली सरकवतो. करडई, मूग आणि वाटाणा तेव्हा हात न आखडता घालायचा, पाठीशी विटेचा चुरा आणि शिंपल्याचं ग्रिट (बारीक खडी). ज्याच्या तीन-चार परांवर रेघा आहेत तो पठ्ठा या वर्षी टॉसच्या यादीतून बाहेर. त्याला गच्चीवर उडू द्या, तेवढं पुरे.

तब्येतीचं थोडक्यात. मान वाकडी करणाऱ्या रोगाची लस जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास द्यायची आणि त्यानंतर किमान तीन आठवडे करंडी नाही. घसा उघडून बघायचा. तो गुलाबी हवा, पिवळा थर दिसला तर आधी औषध. विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली हवी. ढाबळ झाडताना तोंडाला मास्क लावा. कबुतरांच्या धुळीनं फुप्फुसं कायमची खराब होतात आणि जुन्या शौकिनांत ते मी जवळून पाहिलं आहे.

आता गच्ची. वेगळं केलेलं पिल्लू उडायला लागण्याआधीच ढाबळीवरच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवायचं, म्हणजे त्याला आजूबाजूची पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, समोरचं पिंपळाचं झाड दिसतं. हे सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला करा. जर्मनीत विल्चको दांपत्यानं १९८१ साली कबुतरांची काही पिल्लं अशी वाढवली होती की त्यांना सूर्य फक्त दुपारनंतर दिसे. त्या पिल्लांना सकाळच्या सूर्यावरून दिशा काढता येईना. सूर्य वाचणं हे कबुतर जन्मतः आणत नाही, ते शिकतं आणि याच दोन-तीन महिन्यांत शिकतं. थंडीत उशिरा निघालेल्या पठ्ठ्यांना आपण कामावरून आल्यावर फक्त संध्याकाळी सोडतो आणि रविवारी सकाळी एकदम गाडीत घालून लांब नेतो. मग न आलेल्यांचा दोष रक्ताला देतो.

दाण्याचा डबा वाजवला की खाली उतरणं, ट्रॅपमधून (ढाबळीत फक्त आत येता येतं अशा दारातून) आत शिरणं, हे टॉसच्या आधी पक्कं व्हायला हवं. डबा वाजवल्यावर पाच मिनिटांत सगळे आत नसतील तर तुम्ही तयार नाही, पठ्ठे राहू द्या. दिवसाला एका पक्ष्याला साधारण ३० ग्रॅम दाणा धरा. टॉसच्या आदल्या संध्याकाळी ज्वारी-बाजरीचा हलका दाणा, तोही थोडा कमीच. परत आल्यावर हरभरा आणि वाटाणा. भुकेला पठ्ठा डबा ऐकतो, पण उपाशी पठ्ठा वाटेत शेतात उतरतो. यातला फरक हातात धरून छातीचं हाड चाचपलं की कळतो.

दिवाळीच्या आठवड्यात दार बंद. त्यानंतर पठ्ठे रोज गच्चीवरून उठून नजरेआड जायला लागले आणि अर्धा-पाऊण तास दिसेनासे व्हायला लागले, तर समजायचं की वेळ आली. असे दोन-तीन आठवडे सलग जाऊ द्या. उशिराचे पठ्ठे मोठ्या थव्याबरोबर सोडू नका. थवा त्यांना ओढून लांब नेतो, ते मागे पडतात आणि एकटे पडल्यावर परतीची वाट त्यांना माहीत नसते. त्यांची वेगळी टोळी करा, चार असले तरी चार.

याच काळात करंडीची सवय. रिकाम्या करंडीत दोन तास, मग एक रात्र, बाहेरच्या खाचेतून पाणी पिता यायला हवं. फोन नंबरचा शिक्का पंखावर मारणार असाल तर तो टोकाकडच्या नवव्या परावर मारा. आतल्या परावर मारलेला शिक्का पंधरा दिवसांत गच्चीवर पडलेला सापडतो.

संक्रांतीच्या आधी दहा दिवस आणि नंतर आठ दिवस टॉस नाही. हे मी कळकळीनं सांगतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण तो अजूनही विजेच्या तारांवर आणि झाडांत लटकलेला असतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे गणपतीत निघालेले चार पठ्ठे होते, एकाच नराच्या रक्तातले. मोठ्यांच्या शर्यतीत उतरवायचे म्हणून मी घाई केली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते यवतपर्यंत नेले. त्यांच्या पंखांत तेव्हा जेमतेम चौथा पर चालू होता. संध्याकाळपर्यंत एक आला. दुसरा तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीच्या टाकीवर बसलेला दिसला, उतरवून घेतला तर पंखाच्या मुळाशी मांजानं कापलेलं होतं आणि पिसं रक्तानं चिकटून कडक झाली होती. तो जगला, उडाला नाही. उरलेले दोन आलेच नाहीत. त्या दोघांच्या रिंगचे नंबर मला अजून पाठ आहेत.

म्हणून आता माझी वाट अशी. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीची बंदी लागेपर्यंत फक्त लोणी काळभोर, हडपसरपासून दहाएक किलोमीटर. एकाच जागेवरून चार ते पाच वेळा. पहिल्या दोन वेळा ते तासभर घिरट्या घालतील, घालू द्या. सोडल्या सोडल्या पश्चिमेकडे वळायला लागले की पुढचं गाव. बंदी संपली की पुन्हा लोणी काळभोरलाच एक टॉस, मग उरुळी कांचन, साधारण बावीस किलोमीटर, तीन वेळा. त्यातली एक टॉस एकेकट्यानं, पाच मिनिटांच्या अंतरानं सोडून. टोळीतला शहाणा कोण आणि नुसता मागे उडणारा कोण, ते एकेकट्याला सोडल्यावरच कळतं. फेब्रुवारीच्या मध्याला यवत, पस्तीसएक किलोमीटर. अंग चांगलं धरलेलं असेल आणि सहावा पर पडला नसेल तर शेवटी एकदा पाटस.

वेळ सकाळी साडेआठच्या सुमाराची. यवत-दौंड पट्ट्यात उसाची शेती आणि कालव्यांमुळे थंडीत धुकं जमिनीवर बसून राहतं. पोहोचल्यावर करंडी गाडीतून उतरवून सावलीत ठेवा, अर्धा तास थांबा, घरी फोन करून आकाश विचारा. सूर्याची कड स्पष्ट दिसत नसेल तर पठ्ठे परत घेऊन या. डिझेल वाया गेलं म्हणून सोडू नका. सोडण्याआधी आकाशाकडे पाच मिनिटं नुसतं बघा. घारी गोल फिरत असतील तर हरकत नाही. पण विजेच्या उंच मनोऱ्यावर एकटा, सरळ बसलेला पक्षी दिसला, गालावर काळी मिशी, तर तिथून पाच किलोमीटर पुढे किंवा मागे जा.

भिगवणला उशिराचे पठ्ठे नेऊ नका. तिथं उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत बदकं आणि रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यामागून शिकारी पक्षी येतात, आणि साडेपाच महिन्यांचा पठ्ठा बहिरी ससाण्यापुढे कसा वळायचा ते शिकलेला नसतो. शर्यत लावणारे तुम्हाला म्हणतील की रिंग याच वर्षाची आहे, जागा आहे, द्या. देऊ नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात करंडी धुऊन वाळवून ठेवायची. मग सगळे पठ्ठे एकेक करून हातात घ्यायचे, दोन्ही पंख उघडायचे आणि वहीत रिंगपुढे लिहायचं: नवे पर किती, टोकाचे जुने किती राहिले, एकट्यानं कुठून आला. पावसाळ्यात पुन्हा पहिला पर पडेल तेव्हा ते पान काढून बघायचं.