पाठ टेकल्यावर मनाला काय द्यावे

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: मागांची खटखट चालू असताना गाढ झोप लागते, आणि मध्यरात्री वीज जाऊन माग थांबले की घरातली माणसे एकेक करून जागी होतात. आमच्या घरातही असेच होत असे. जाग येई ती एकदम पसरलेल्या शांततेमुळे, पण पुढे तासभर डोळ्याला डोळा लागत नसे तो त्या शांततेत सुरू झालेल्या विचारांमुळे. अंथरुणावर पडल्यावर मनात काय घोळते आणि त्या जागी काय ठेवता येते, याकडे मी तेव्हापासून लक्ष देत आलो आहे. त्यातून जे उपयोगी ठरले ते येथे क्रमाने सांगतो.

रात्री आपण कशाचा विचार करतो, हे प्रत्येकाने आधी आठवून पाहावे. बहुतेकांच्या मनात उद्याची कामे असतात: मुलाची फी, सूत घेऊन येणारा टेम्पो, दवाखान्यातला नंबर. काहींच्या मनात दिवसा झालेले बोलणे पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि तेव्हा न सुचलेले उत्तर आता सुचते. काहींना स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येऊ लागते आणि तिचीच भीती वाटते. सर्वांत हट्टी विचार असतो तो खुद्द झोपेचा, म्हणजे 'आता लगेच झोप लागली तरी पाचच तास मिळतील' हा हिशेब. या साऱ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. म्हणून आपल्याला जागे ठेवणारा विचार कोणत्या जातीचा आहे, हे तीन-चार रात्री नुसते पाहावे, त्याच्याशी झगडू नये.

न झगडण्याला कारण आहे. औषध घेताना माकडाची आठवण येऊ देऊ नकोस, असे वैद्याने बजावलेल्या रोग्याची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जवळजवळ हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची, असे त्यांनी लोकांना सांगितले. घंटी वाजत राहिली. आणि पुढे विचाराला मोकळीक दिल्यावर, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. एखादा विचार आत येऊ द्यायचा नाही असे ठरवले, की तो आला का हे पाहण्यासाठी मनाचा एक भाग पहाऱ्यावर बसतो, आणि पहारेकऱ्याला झोपून चालत नाही. त्यामुळे 'विचार करू नकोस' हा घरोघरी मायेने दिला जाणारा सल्ला निरुपयोगीच आहे. विचार हटवायचा असेल तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी आणावे लागते.

त्याआधी संध्याकाळचे एक काम उरकावे. अर्धवट राहिलेली कामे मन सोडत नाही. ती विसरली जातील या धास्तीने ते त्यांची उजळणी करत राहते. ही उजळणी कागदावर उतरवली की मनाचा भार हलका होतो. टेक्सासमधील बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे येत्या दिवसांत करायची कामे लिहायला सांगितले होते, आणि उरलेल्यांना पार पडलेली कामे. झोप केव्हा लागली हे मेंदूच्या लहरींच्या नोंदीवरून मोजले. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी ती लवकर लागली. प्रयोग लहान आहे, परंतु त्यातला 'नेमकी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या शहरातले उदाहरण घेऊ. नळाला काही दिवसांआड पाणी येणे आणि तेही अवेळी येणे हे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे, आणि पाणी सुटण्याच्या रात्री घरातली निदान एक व्यक्ती कान टवकारूनच पडलेली असते. कागदावर 'पाण्याचे बघणे' एवढेच लिहिले तर काहीही साधत नाही, कारण बघायचे काय हा प्रश्न मनाकडेच राहतो. त्याऐवजी 'गजर साडेतीनचा; पिंप घासून झाले; मोटार लावायचे काम थोरल्याचे; पाणी आले नाही तर शेजारच्या बोअरवरून दोन घागरी' असे लिहिले, म्हणजे विचार करण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक कामापुढे कोणी, केव्हा आणि पहिली पायरी कोणती एवढे असावे. यादी हाताने कागदावर लिहावी. मोबाइलवर लिहायला घेतले की यादीआधी चार निरोप वाचून होतात आणि त्यांतला एखादा नवा विचार होऊन अंथरुणावर येतो.

मात्र कर्ज, आजारपण, मुलीचे लग्न असे मोठे प्रश्न पाच मिनिटांच्या यादीत मावत नाहीत. त्यांना संध्याकाळी, जेवणाआधी, अंथरुणापासून दूर बसून अर्धा तास द्यावा, आणि रात्री ते परत आले तर त्यांना उद्याच्या त्याच वेळेची तारीख द्यावी. हे बोलणे भाबडे वाटेल, पण प्रश्नाला ठरलेली वेळ आहे हे मनाला हळूहळू पटत जाते. भांडणाच्या विचारांबाबत मी एवढेच सांगेन की जे उत्तर सुचले आहे ते एका वाक्यात लिहून कागद घडी घालून ठेवावा. सकाळी ते वाक्य बोलण्यासारखे वाटले तर जरूर बोलावे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दिवा मालवल्यावर मनाला काय द्यायचे. त्याची निवड करताना मी तीन कसोट्या लावतो. ती गोष्ट डोळ्यांपुढे दिसणारी असावी, कारण मनातल्या मनात बोलणे फार सहज चिंतेकडे वळते आणि चित्र तितके सहज वळत नाही. ती सावकाश चालणारी असावी. आणि तिच्यातून काहीही निष्पन्न व्हायचे नसावे. तिथे हार नाही, जीत नाही, पैसा नाही. ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी २००२ साली निद्रानाश असलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना प्रसन्न आणि गुंतवून ठेवणारे एखादे दृश्य कल्पनेत पाहायला सांगितले होते, त्यांनी काहीच सूचना न मिळालेल्यांपेक्षा लवकर झोप लागल्याचे सांगितले.

अंक मोजण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण आकड्यांना चित्र नसते आणि तोंड आकडे म्हणत असताना मन खुशाल दुसरीकडे फिरते. शिवाय मोजणे हे ज्याच्या त्याच्या आयुष्यात निरनिराळ्या अर्थाचे असते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. दिवसभर हजार पुरे होतात की नाही या काळजीत काढल्यावर रात्री तिला पुन्हा मोजायला लावणे म्हणजे कामावरच पाठवणे आहे. त्याच कारणाने विणकराने मागाचे चित्र निवडू नये. ज्याचा मागाशी पोटापाण्याचा संबंध नाही त्याने मात्र ते जरूर निवडावे: उभ्या धाग्यांचा ताणा पसरला आहे, धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीवरचा मोर पायांकडून वर एकेका ओळीने उमटतो आहे. मानेपर्यंत पोहोचण्याची घाई करू नये.

माझे स्वतःचे चित्र सिद्धेश्वराच्या तळ्याचे आहे. देऊळ पाण्याने वेढलेले, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, वेळ पहाटेची. मी चपला काढतो, पायांखालच्या फरशीचा गारवा जाणवू देतो, पाण्याचा वास येऊ देतो, मग एका बाजूने सावकाश चालू लागतो आणि जे दिसेल ते पूर्ण पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही: पायरीवरचे शेवाळ, ओल्या दगडाचा काळा रंग, फुलांची एक टोपली. वाटेत ज्याचे देणे आहे असा माणूस भेटला तर त्या दिवसापुरती वाट बदलावी. गड्ड्याच्या जत्रेचे दृश्य घेऊ नये, असे मी अनुभवाने सांगतो. संक्रांतीचे नंदीध्वज आणि होम मैदानावरचे पाळणे डोळ्यांपुढे आणले की मन उत्साहाने उठून बसते. जत्रा उठून गेल्यानंतरचे मोकळे मैदान मात्र उत्तम. ज्यांनी लहानपणी उन्हाळ्यात माळवदावर झोप घेतली आहे त्यांना दुसरे काही शोधण्याची गरजच नाही: पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, अंथरुणाची गार झालेली कड, आणि वर आभाळ. रोज नवे दृश्य घेऊ नये. एकच दृश्य महिनाभर वापरले की त्याची आणि झोपेची सांगड बसते.

ज्यांचे मन एका दृश्यात टिकत नाही, त्यांच्यासाठी अक्षरांची रीत आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाशी संबंधित ल्यूक बोदोइन यांनी तिची कल्पना मांडली. झोप लागताना मनात एकमेकांशी संबंध नसलेली चित्रे येतात. तशीच चित्रे मुद्दाम आणली तर मनाला कोणत्याही एका काळजीची गोष्ट रचता येत नाही, असा तिचा आधार आहे. आपल्या लिपीत ती चांगली बसते. भावनेचे ओझे नसलेला तीन-चार अक्षरांचा शब्द घ्यावा, समजा 'चादर'. काना-मात्रा सोडून द्याव्यात. च घेऊन चमचा पाहावा, दोन-तीन श्वास त्याच्याकडे पाहत राहावे. मग चिंच, मग चाळणी, मग चरखा. चमच्याचा आणि चिंचेचा संबंध जोडू नये. च वरचे शब्द सुचेनासे झाले की द वर यावे: दोरी, दगड, दरवाजा, दही. 'च' वरून वटवायचा राहिलेला चेक आठवला तर त्याला सोडून पुढचा शब्द घ्यावा. ण आणि ळ असलेले शब्द निवडू नयेत, कारण त्या अक्षरांनी आपले शब्द सुरू होत नाहीत. ज्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, तिथे ज्या भाषेत आईने हाका मारल्या त्याच भाषेतले शब्द घ्यावेत. आपल्या शहरात हे मुद्दाम सांगावे लागते.

काही वेळाने चित्रे आपल्या हातून निसटतात. दह्याच्या भांड्यातून कोणी सायकल काढते आणि त्यात काही वावगे वाटत नाही. झोप जवळ आल्याची ही खूण आहे. अशा वेळी 'लागली वाटते' म्हणून तपासायला जाऊ नये. कधी पायरी चुकल्यासारखा अंगाला झटका बसतो; तो बहुतेकांना केव्हा ना केव्हा बसतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही.

अंदाजे वीस मिनिटे झाली आणि डोळे टक्क उघडे असले तर उठावे. अंदाजानेच ठरवावे; घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवावे. जागे राहण्यासाठी अंथरूण वापरू नये हे तत्त्व रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडले, आणि निद्रानाशाच्या मानसोपचारात ते आजही वापरले जाते. 'दुसऱ्या खोलीत जाऊन बसा' असे सांगणे सोपे आहे, पण एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घरात दुसरी खोली आणायची कोठून? तिथे अंथरूण सोडून उंबऱ्यापाशी किंवा भिंतीला टेकून बसावे, दिवा लावू नये, आणि पेंग आली की परत यावे. ज्यांना झोपेच्याच काळजीने झोप येत नाही त्यांनी उलटा प्रयोग करून पाहावा: अंधारात, उशीवर डोके ठेवूनच, शांतपणे जागे राहायचे ठरवावे. झोपण्याचा आटापिटा थांबला की अनेकांचा डोळा लागतो.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिने असेच चालले तर हे उपाय पुरेसे नाहीत. डॉक्टरांना भेटावे आणि गोळ्यांआधी निद्रानाशासाठीच्या मानसोपचाराबद्दल विचारावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा दिवसा बसल्याजागी डोळे मिटणे असेल तर त्याहून लवकर जावे. रात्रीच्या विचारांत जगणे नकोसे वाटू लागले असेल तर सकाळची वाट पाहू नये. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

राहिला प्रश्न मध्यरात्री पाण्यासाठी उठावे लागण्याचा. पिंप भरताना मोबाइल हातात घेऊ नये, मोठा दिवा लावू नये, आणि नळाशी उभे राहून उद्याचा दिवस मांडू नये. त्याची यादी कागदावर आहेच. परत पाठ टेकल्यावर नवा शब्द शोधत बसण्याची गरज नाही. 'चादर'मधला र बहुधा शिल्लक असतो: रहाट, रताळे, रुमाल, रांगोळी.