माळ्यावरचा व्हिडिओ गेम खाली काढलाय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत मुंबईतल्या कितीतरी घरांत माळ्यावरून एक खोका खाली येतो. आत पिवळट पडलेला टीव्ही गेम, वायरींचा गुंता, दोन रिमोट, एखादी गन आणि पाच-सहा कॅसेटी. मग घरातलं कुणीतरी, बहुधा चाळिशीतला बाबा, तिथेच लादीवर बसकण मारतो आणि मुलांना हाका मारतो. यानंतरचा अर्धा तास सांभाळायचा असतो. तीस वर्षं माळ्यावर सुखरूप राहिलेलं यंत्र याच अर्ध्या तासात मेलेलं मी पाहिलंय. त्यातलं एक माझ्याच हातून गेलं.

हाताला लागेल तो ॲडॉप्टर लावणं

तो एक क्लोन होता, म्हणजे निन्टेंडोच्या यंत्राची स्वस्त नक्कल. मूळ ॲडॉप्टर हरवला होता, म्हणून मी राउटरचा काढून लावला. पिन अगदी बरोबर बसली. दोन सेकंदांत जळका वास आला आणि दिवा पुन्हा कधी लागला नाही.

पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर जुळला असं नसतं. निन्टेंडो या जपानी कंपनीचा मूळ टीव्ही गेम, फॅमिकॉम, 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये आला. त्याला 10 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आतल्या बाजूला ऋण, बाहेरच्या बाजूला धन असावं लागतं. आजच्या राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये बहुतेक वेळा हे नेमकं उलट असतं. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राची तर आणखी गंमत आहे: पहिल्या मॉडेलला आत ऋण लागतं, दुसऱ्याला आत धन. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचा अमेरिकन अवतार, त्याचा मूळ ॲडॉप्टर 9 व्होल्ट एसी देतो, तो फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम संपला. शिवाय जपानी ॲडॉप्टर 100 व्होल्टचा आणि अमेरिकन 120 चा. त्यांच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये कशाबशा शिरतात, पण आपल्याकडे 230 व्होल्ट आहेत, हे विसरायचं नाही.

तेव्हा आधी यंत्र उलटं करून खालचं लेबल वाचा. गोल खुणेत धन-ऋण कुठे आहे ते बघा, मग मल्टिमीटरने ॲडॉप्टर तपासा. जुन्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या जड ॲडॉप्टरवर 9 व्होल्ट लिहिलेलं असूनही मीटर 12-13 दाखवतो. यंत्र जोडलेलं नसताना तसं होणारच, घाबरू नका. पण ज्यावर 12 लिहिलंय तो मात्र 9 च्या जागी नको. या यंत्रांमध्ये 7805 नावाचा रेग्युलेटर आलेली वीज 5 व्होल्टवर आणतो आणि उरलेली उष्णता म्हणून फेकतो. 9 चे 12 केले की त्याच्यावरचा भार पावणेदोन पट होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत धन-ऋण उलटवता येणारे, 3 ते 12 व्होल्टचे ॲडॉप्टर मिळतात. तिथे जाताना यंत्र सोबत न्या आणि दुकानदारासमोरच मोजून घ्या.

कॅसेटीत फुंकर मारणं

हे आपण सगळ्यांनी केलंय आणि गेम सुरूही झाले आहेत. पण काम फुंकरीने होत नव्हतं, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने होत होतं. फुंकरीने फक्त तोंडातला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसायचा आणि त्या हळूहळू काळ्या पडायच्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो 99 टक्के, कानाच्या काडीला लावून पट्ट्या पुसा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याने वरचा मुलामाच निघून जातो.

रिमोटची बटणं दबत नसतील तरी हाच उपाय. उघडून रबर आणि खालची काळी जागा पुसली की बहुतेक रिमोट परत चालतात.

सेल विसरून जाणं

गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रात राहिलेले पेन्सिल सेल फुटून पांढरी भुकटी साचते. ती अल्कलाइन असते, म्हणून थोड्या पांढऱ्या व्हिनेगरने निघते. मग अल्कोहोलने पुसा. सेव्ह होणाऱ्या जुन्या कॅसेटींच्या पोटात नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की सेव्हही गेलं, आणि तो बदलतानाही जुनं सेव्ह सहसा जातंच. नव्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तापून तो फुटू शकतो. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल मागा.

पोकेमॉन रूबी किंवा सफायर हे गेम सुरू करताना सेल संपल्याची सूचना आली, तर घाबरून नवीन खेळ सुरू करू नका. त्यांतला सेल फक्त घड्याळासाठी आहे, तुमचं सेव्ह वेगळ्या चिपमध्ये शाबूत असतं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरचं तसं नाही, तिथे सेव्हही सेलवरच आहे.

पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवणं

पुण्याच्या कोरड्या हवेतला सल्ला मुंबईत चालत नाही. जूनमध्ये पिशवीची गाठ मारली की आतला दमट वारा आतच कोंडतो आणि गणपतीपर्यंत बुरशीची ठिपकेदार नक्षी तयार. समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रूही गंजतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यांचा रंग बदलला की पुड्या बदला आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. रबरबँड तर मुळीच लावू नका, तो विरघळून प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो. आणि महिन्यातून एकदा तरी यंत्र अर्धा तास चालवा. माझ्या मते यासारखं जपणं नाही.

पिवळेपणाची फार चिंता करू नका. एबीएस प्लॅस्टिकमधल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांवर ऊन आणि उष्णता यांचा परिणाम होऊन तो येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास तो जातो खरा, पण लेप असमान बसला तर ढगाळ डाग पडतात आणि काही वर्षांनी पिवळेपणा परतही येऊ शकतो. मी माझे पिवळेच ठेवलेत.

डबा टीव्ही आधी देऊन टाकणं

डबा टीव्ही म्हणजे जुना, काचेच्या नळीचा टीव्ही. नव्या फ्लॅट टीव्हीवर बदकांच्या गेममध्ये गनने बदक का पडत नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्य पांढरं चमकतं आणि गन तो उजेड टिपते. हे गणित डबा टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं आहे. फ्लॅट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तेवढ्यात संधी निघून जाते. म्हणजे गन बिघडलेली नाही. सोसायटीत कुणी चालू डबा टीव्ही काढत असेल तर भंगारवाल्याच्या आधी पोचा. मात्र तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या नळीत विजेचा जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

'ओरिजिनल' या शब्दावर पैसे मोजणं

चोर बाजारात, ऑनलाइन, कुठेही, 'निन्टेंडो ओरिजिनल' म्हणून दाखवलेली वस्तू बहुधा क्लोन असते. साधी ओळख: फॅमिकॉम आणि आपल्याकडचे क्लोन यांच्या कॅसेटीला 60 पट्ट्या, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटीला 72. कॅसेट उघडली आणि आत चिपऐवजी काळ्या डांबराचा थेंब दिसला, तर ती बहुधा स्वस्तातली नक्कल. अस्सल गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटीत पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं.

पण क्लोन म्हणून तुमचा जुना खोका फेकून देऊ नका. आपल्यातल्या बहुतेकांना मारिओ आणि कॉन्ट्रा भेटले ते क्लोनवरच. एकच गेम चार वेळा मोजून '64 इन 1' म्हणणारी ती कॅसेट, झेरॉक्ससारखं धुरकट चित्र असलेला तिचा खोका, यांचा नीट संग्रह फारसा कुणी केलेला नाही. जपानी फॅमिकॉम जपणारे जगभर आहेत, गिरगाव-डोंबिवलीत खेळले गेलेले क्लोन आपणच जपायचे. खोक्यावर कुणाचं नाव पेनाने लिहिलेलं असेल तर तेही पुसू नका.