दादागिरीची तक्रार आली? या चुका टाळा

शिक्षकांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. दोन्ही मुलांना समोरासमोर उभं करायचं, 'हात मिळवा, विषय संपला' म्हणायचं आणि तासाला निघून जायचं. बरोबरीच्या मुलांचं भांडण असेल तर हे चालून जातं, छळ असेल तर अंगाशी येतं. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा आणि ताकद असमान असलेला. ताकद म्हणजे फक्त अंगबळ नव्हे. सोबत चार मित्र असणं हीसुद्धा ताकदच. अशा वेळी समोरासमोर बसवलं की त्रास सोसणारं मूल घाबरून 'काही झालं नाही सर' म्हणतं, आणि दुसऱ्याला कळतं की तक्रार कोणी केली.

म्हणून क्रम पाळा. आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्यात बोला, पण भर वर्गातून नाव पुकारून बोलावू नका. मग पाहणाऱ्यांना वेगवेगळं विचारा, तेही त्यांचं आपसात बोलणं व्हायच्या आत. शेवटी ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलवा. असे तिघे-चौघे असतील तर एकामागून एक घ्या, मध्ये त्यांची गाठ पडू देऊ नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र मुलाला देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. 'ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन' एवढंच म्हणा.

नोंद त्याच दिवशी करा: तारीख, वेळ, जागा, हजर कोण होतं आणि बोलले गेलेले नेमके शब्द. 'वाईट बोलला' या नोंदीचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. नोंद नसली की चौथा प्रसंगही पहिलाच वाटतो, आणि पालकांसमोर वर्गशिक्षकाची बाजू लंगडी पडते.

एकाच्या वागण्यासाठी अख्ख्या वर्गाची सुट्टी कापू नका. राग तक्रार करणाऱ्यावरच निघतो. मारणं तर नकोच. जो जोरकस तोच खरा, हेच मूल त्यातून शिकतं. शिक्षकाचा अधिकार चालतो तो जागा बदलणं, मधल्या सुट्टीत नजरेसमोर ठेवणं, पालकांना बोलावणं, प्रकरण मुख्याध्यापकांकडे देणं अशा पायऱ्यांनी. त्या आधी जाहीर केलेल्या आणि सगळ्यांना सारख्या हव्यात. हुशार मुलाला सूट मिळाली की नियम गेलाच.

देखरेखीचं गणितही बहुधा चुकतं. मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानाच्या दारापाशी गप्पा मारत उभे, आणि प्रकार घडतात जिन्यात, स्वच्छतागृहाबाहेर, शेवटच्या बाकांवर. मुलांना शाळेचा नकाशा द्या आणि नको वाटणाऱ्या जागांवर नाव न लिहिता फुली मारायला सांगा. ड्युटी त्या फुल्यांवर लावा. मॉनिटरला ड्युटीवर ठेवून मोकळं होणं धोक्याचं, कारण कधी कधी दादा तोच असतो.

मोबाइलवरचा छळ असेल तर रागाच्या भरात मेसेज डिलीट करायला लावू नका. नाव, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. अपवाद एकच: मुलाचं अश्लील चित्र असेल तर त्याची प्रत काढू नका, कुणाला पाठवू नका, थेट मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांना कळवा.

प्रकरण मिटलं असं धरण्याआधी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा विचारा. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं तर 'हो' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा 'आज डबा कुणाबरोबर खाल्लास?' असं विचारा.