आवडत्या कादंबरीची मालिका कशी पाहावी

जी कादंबरी आपण तीन-चार वेळा वाचली आहे, तिच्यावर मालिका येणार असे कळताच पुस्तक पुन्हा उघडण्याचा मोह होतो. तो आवरावा. ताजी उजळणी करून बसलेला वाचक कथा पाहत नाही, वह्या तपासतो. आणि गाळलेल्या प्रसंगांची यादी कितीही लांबली तरी नेमके काय बिघडले हे तिच्यातून उमगत नाही.

पहिले दोन भाग सलग पाहावेत. मग जिथे मन खट्टू झाले तेवढेच प्रकरण काढून, त्यातले जे डोळ्यांना दिसू शकते आणि कानांना ऐकू येऊ शकते ते पेन्सिलीने अधोरेखित करावे. उरलेला मजकूर, म्हणजे पात्राच्या मनातली घालमेल, निवेदकाचा तिरकस शेरा किंवा सात वर्षे एका ओळीत उरकणारे वाक्य, ही पटकथाकाराची खरी अडचण असते. त्यासाठी तो दृश्यामागे निवेदनाचा आवाज ऐकवतो, नवा प्रसंग रचतो किंवा नायिकेला मन मोकळे करायला एखादी मैत्रीण देतो. आपल्याला उगाच घुसडलेले वाटणारे पात्र पुष्कळदा अशा एखाद्या परिच्छेदाच्या जागी उभे असते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा: कथा कोणाच्या नजरेतून दिसत होती आणि आता कोणाच्या नजरेतून दिसते आहे? जेन ऑस्टेन यांच्या 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये नायक डार्सीचे स्वतःची बाजू मांडणारे लांबलचक पत्र आपण नायिका एलिझाबेथच्या हातात आल्यावरच वाचतो. ती ते रागाने वाचते, पुन्हा पाहायचे नाही असे ठरवून बाजूला ठेवते, अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते आणि वाक्यावाक्याला अडखळत स्वतःची चूक ओळखते. बीबीसीच्या 1995 मधील सहा भागांच्या मालिकेत मात्र डार्सी पत्र लिहिताना दिसतो आणि त्याच्या आठवणीही पडद्यावर येतात. मजकूर बराचसा तोच असला, तरी जिथे आपण एलिझाबेथबरोबर शंका घेत होतो, तिथे आता घडलेले डोळ्यांनी पाहिल्यामुळे शंकेला जागाच उरत नाही. त्याच मालिकेतली डार्सीची तळ्यातली उडी कादंबरीत नाही, यावर कितीतरी अधिक बोलले जाते. माझ्या मते पत्राचा बदल त्याहून खोलवर जाणारा आहे.

काही बदलांची कारणे कथेबाहेर असतात आणि ती शोधल्याशिवाय राग कोणावर धरावा हे ठरवू नये. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पाचवा खंड आणि तिच्यावरील 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका, दोन्ही 2011 मध्ये आली. सहावा खंड आलाच नाही आणि 2019 मध्ये मालिका 73 भागांनंतर संपली. शेवटच्या भागांतली घाई मलाही खटकली, पण ती मोजायला जवळ मूळ पुस्तकच नव्हते, तेव्हा 'पुस्तकाशी प्रतारणा' हा आरोप तिथे टिकत नाही. पात्रे स्वतःच्याच आधीच्या वागण्याला धरून वागतात का, एवढेच तिथे तपासता येते.

अडचण, नजर आणि बाहेरची कारणे यांपैकी कशातही न बसणारा बदल आढळला, उदाहरणार्थ लेखकाने मुद्दाम अनुत्तरित ठेवलेला प्रश्न मालिकेने टाळ्यांसाठी सोडवून टाकला, तर निःसंकोच नाराज व्हावे. शेजारी बसलेल्याने पुस्तक वाचलेले नसेल, तर ती नाराजी भाग संपेपर्यंत मनातच ठेवावी.

मालिका संपल्यावर पुस्तकाकडे परतताना काही आठवडे जाऊ द्यावेत, कारण नटांचे चेहरे लवकर पुसले जात नाहीत. सुरुवात मालिकेने वगळलेल्या एखाद्या दुय्यम पात्राच्या प्रकरणापासून करावी. तिथे आपण कल्पिलेला चेहरा अजून जागेवर असतो.